आठ दिवसांचा आठवडा

प्रश्न : पॅलेस्टाईनमधल्या बत्तीर गावात आठवडा आठ दिवसांचा असतो, असं ऐकलं. ही नुसती म्हण आहे का? आणि शेतांमधून युद्धविरामाची रेषा गेली तरी गावाची जमीन हातची कशी गेली नाही?

उत्तर : म्हण आहे, पण ती पाण्याच्या पाळीवरून पडलेली. बेथलहेमच्या पश्चिमेला डोंगरउतारावर बत्तीर आहे. तिथे मोठी घराणी आठ. झऱ्याचं पाणी रोमन काळापासूनच्या हौदात साठतं, तिथून पाटांनी खाली उतरतं. रोज एका घराण्याची पाळी. नवव्या दिवशी पुन्हा पहिलं घराणं.

मी गेले होते तेव्हा हौदापाशी बराच वेळ बसले. खाली एक म्हातारे शेतकरी दारं धरत होते. पाटाच्या तोंडातला दगड आणि चिंध्यांचा बोळा त्यांनी काढला, पाणी वांग्यांच्या वाफ्यात शिरलं. वाफा भरला तसा तोच बोळा परत लावला, पुढचं तोंड मोकळं केलं. इथल्या वांग्यांना गावाचंच नाव आहे, बत्तिरी.

शेतं सगळी पायऱ्यांची, बांध म्हणजे दगडावर दगड रचलेले गडगे. चुना नाही, सिमेंट नाही. पावसाळ्यात एखादा ढासळला आणि वेळीच रचला नाही, तर माती खाली गेलीच म्हणून समजा.

आता जमिनीचं. जाफा-जेरुसलेम रेल्वे १८९२ साली सुरू झाली, ती गावाखालच्या दरीतून जाते. १९४८च्या युद्धात बहुतेक गाव पळालं. गावातलेच हसन मुस्तफा आणि मोजकी माणसं मागे राहिली. गावात वस्ती आहे असं दिसावं म्हणून त्यांनी रिकाम्या घरांत दिवे लावले. १९४९मध्ये इस्रायल आणि जॉर्डन यांच्यातली युद्धविरामाची रेषा आखताना ठरलं, की रुळांना धक्का लावायचा नाही, त्या बदल्यात रेषेपलीकडची, इस्रायलच्या बाजूला गेलेली शेतं गावकऱ्यांनी कसायची. एवढ्या शब्दावर ती जमीन कसली जात राहिली. मला याचं फार मोल वाटतं.

पुढे इस्रायलने विभाजक भिंत याच शेतांवरून आखली. खुद्द इस्रायलच्या निसर्ग व उद्यान खात्याने २०१२मध्ये तिला विरोध केला. २०१४मध्ये युनेस्कोने बत्तीर जागतिक वारसा यादीत घेतलं आणि त्याच वेळी धोक्यातल्या वारशांतही. धोका खरा आहे. २०२४मध्ये याच वारसा क्षेत्रात नहल हेलेट्झ ही नवी इस्रायली वसाहत मंजूर झाली.