बॉल पायथनचं पिल्लू खात नाही म्हणून त्याला कोंबून भरवू नकोस

तू लिहिलंयस ते थोडक्यात असं: दहा-बारा दिवसांपूर्वी बॉल पायथनचं (अजगराच्या एका छोट्या जातीचं) पिल्लू आणलं, तीन फुटी काचेच्या टँकमध्ये खिडकीशी ठेवलं, दोनदा उंदीर दिला पण तोंड लावलं नाही, दिवसभर पाण्याच्या भांड्यात वेटोळं करून बसतं. घरातले घाबरलेत. आणि शेवटची ओळ, घराजवळच्या दवाखान्याने फोनवर सांगितलं, ‘घेऊन या, आम्ही हाताने भरवून देऊ.’

नेऊ नकोस. निदान हे वाचून होईपर्यंत तरी नको.

मी पशुवैद्य नाही. मुलुंडच्या दोन खोल्यांत बरीच वर्षं साप सांभाळते, एवढाच माझा अधिकार. वयाने लहान वाटतोस म्हणून अरे-तुरे करतेय, राग मानू नकोस. साप हातात कसा घ्यायचा, झाकणाला खटका का हवा, हात साबणाने का धुवायचे, हे सगळं तुला ठाऊक असेल असं धरून चालते.

आमची चिंगी आली तेव्हा तुझ्या पिल्लाएवढीच होती, ऐंशी-नव्वद ग्रॅमची. तीही खात नव्हती. पाटीवर ‘सर्व प्रकारचे पाळीव प्राणी’ लिहिलेल्या एका दवाखान्यात तिला नेलं. तिथे कोणी तिचं वजन केलं नाही. घरी तापमान किती ठेवता, हे विचारलं नाही. किती दिवस झाले आणून, आधी ती जिवंत उंदीर खायची की गोठवलेला, काहीच नाही. जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं, मग एकाने मान धरली, दुसऱ्याने चिमट्याने जबडा उघडला आणि उंदराचं पिल्लू घशाखाली ढकललं. तिच्या खालच्या ओठाच्या कडेला रक्ताचा एक ठिपका आला होता. ‘होतं असं,’ म्हणाले. दर तीन दिवसांनी आणा, म्हणाले.

दोन रात्री गेल्या आणि तिने ते सगळं ओकून टाकलं. सडक्या मांसाचा तो वास ज्याने घेतलाय तो विसरत नाही. फोन केला तर उत्तर आलं, ‘साप मुळातच अशक्त होता.’ पुढच्या डॉक्टरांना दाखवायला केसपेपर मागितला, तर असा कागद आम्ही देत नाही म्हणाले. काय इंजेक्शन दिलं, किती दिलं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पैसे मात्र पूर्ण घेतले. त्यानंतर तिने अख्खा पावसाळा अन्नाला तोंड लावलं नाही. पाठीचा कणा हाताला लागायचा. शेवटी शहराच्या दुसऱ्या टोकाला सापांची खरी माहिती असलेले एक डॉक्टर भेटले. त्यांनी तिला टेबलावर घ्यायच्या आधी मला विचारलं, ‘गरम बाजूला किती अंश आहे?’ बाकीचा इलाज त्या एका प्रश्नातून निघाला.

आज ती धडधाकट आहे, पण त्या महिन्यांचा राग माझ्या मनातून जात नाही, म्हणून हे एवढं लांबवून लिहितेय. सापाची श्वासनलिका तोंडाच्या तळाशी, अगदी पुढे उघडते. नवख्याच्या हातून नळी किंवा भक्ष्य तिथे लागलं तर जीव जातो. दात बारीक असतात, चिमट्याने तुटतात, हिरड्यांना जखम होऊन तोंड सडायला लागतं. शिवाय घाबरलेल्या, थंड पडलेल्या सापाला पचवता येत नाही, मग तो ओकतो, आणि एकदा ओकला की घसा नि पोट सावरायला दोन आठवडे तरी काही देता येत नाही. जबरदस्तीने भरवणं हा अगदी शेवटचा उपाय आहे, आणि तोही सापांचे रुग्ण नेहमी बघणाऱ्या डॉक्टरांच्याच हातचा. दवाखान्यात फोन करशील तेव्हा पहिला प्रश्न तू विचार: महिन्याला किती साप बघता? उत्तरात चाचपडले की फोन ठेवून दे. आणि केसपेपर देणार का, हेही आधीच विचारून घे.

आता तुझ्या पिल्लाचं. दोन आठवड्यांच्या आत नव्या पिल्लाने न खाणं हा आजार नाही. त्याला अनोळखी वास, अनोळखी उजेड, रोज वरून डोकावणारे चेहरे. पश्चिम आफ्रिकेच्या गवताळ भागातला हा साप, दिवस बिळात काढणारा. घाबरला की डोकं मध्ये घालून चेंडू होतो. तीन फुटी काच चारही बाजूंनी उघडी असेल तर त्याला लपायला जागाच नाही, म्हणून तो भांड्यात शिरत असणार. मोठा टँक वाईट असं माझं म्हणणं नाही (यावर लोक हमरीतुमरीवर येतात), पण मोठा आणि रिकामा टँक पिल्लाला जाचतो. तीन बाजूंना बाहेरून काळा कार्डपेपर चिकटव. आत सुकी पानं, कार्डबोर्डच्या नळ्या, प्लॅस्टिकच्या वेली, काहीही भर. मी स्वतः पहिले काही महिने तीसेक लिटरचा, भोकं पाडलेला, खटक्याचा प्लॅस्टिक डबाच वापरते.

लपायच्या जागा दोन हव्यात, एक गरम बाजूला आणि एक थंड बाजूला, आणि दोन्ही सारख्याच. एकच ठेवलीस तर पिल्लू सुरक्षिततेसाठी ऊब सोडतं किंवा उबेसाठी लपण सोडतं. दुकानातली महागडी दगडी गुहा नको. अर्धा किलो श्रीखंडाचा पांढरा डबा पालथा घाल, कडेला दोन बोटं रुंदीचं दार काप, कापलेली कड सँडपेपरने घासून घे. वेटोळं घातलेल्या पिल्लाचं अंग डब्याच्या भिंतींना टेकलं पाहिजे, तेव्हा ते निवांत होतं. ऐसपैस गुहेत त्याला ते मिळत नाही.

तापमानाचा भाग मुंबईकरांचा हमखास चुकतो. ‘आपल्याकडे गरमच असतं, हीट मॅट (टँकखाली लावायची विजेची ऊब देणारी चटई) कशाला?’ असं सांगणारे पुष्कळ भेटतील. गरम बाजूला ३१-३२ अंश, थंड बाजूला २६-२७ अंश, आणि या दोन्हींत फरक, हे त्याला हवं असतं. सध्याच्या ऑक्टोबरच्या उन्हात तुझ्या पश्चिमेच्या खिडकीशी ठेवलेली काच दुपारी ३५ च्या वर सहज जाईल, मग थंड बाजू उरतच नाही, आणि भांड्यात बसण्याचं हेही एक कारण असू शकतं. टँक आजच खिडकीपासून हलव. ऊन मिळावं म्हणून ठेवला असशील, पण या सापाला तसं थेट ऊन नको. उलट रात्री बेडरूमचा एसी २२ वर असेल तर पिल्लू गार पडतं आणि हवाही कोरडी होते. एसीच्या खोलीत ठेवूच नको. जानेवारीत पहाटेचा पारा सतरा-अठरावर येतो तेव्हा मॅट लागतेच.

मॅट थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे ठरलेल्या तापमानाला ती आपोआप बंद करणाऱ्या यंत्राशिवाय, लावायची नाही. यात मी कोणाचंही ऐकून घेत नाही. नुसत्या मॅटने पोट भाजलेले साप मी पाहिले आहेत. साप वेळीच बाजूला होईल असा भरवसा ठेवता येत नाही. टँकच्या तळाच्या एक तृतीयांश भागाखाली मॅट लाव, थर्मोस्टॅटचा प्रोब (तापमान टिपणारं वायरचं टोक) मॅटच्या वर टेपने पक्का कर, आणि सापाचं पोट जिथे टेकतं तिथलं तापमान वेगळ्या डिजिटल थर्मामीटरने मोज. काचेला चिकटवायच्या गोल काट्याच्या तबकड्या निरुपयोगी. कोविडच्या काळातली कपाळाला लावायची गन घरी पडली असेल तर तीही चालते, पण तिच्यावरचा माणसाच्या तापाचा मोड बदलून वस्तूच्या पृष्ठभागाचा मोड लावायचा, नाहीतर आकडा चुकीचा दाखवते.

ओलाव्याची चिंता तुला सध्या फारशी नाही. साठ ते ऐंशी टक्के लागतो, मुंबईत तो बराच काळ आपोआप असतो. खाली सध्या पांढरा टिश्यू किंवा कोरा कागद घाल, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) नंतर. कारण सांगते. पाण्यात बसणाऱ्या सापाला आधी गोचिडीसारखे बारीक किडे झालेत का ते बघायचं. ओला पांढरा टिश्यू त्याच्या अंगावरून हलक्या हाताने फिरव आणि उजेडात धर. टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके दिसले, हनुवटीखालच्या खाचेत किंवा डोळ्यांच्या कडेला हलताना दिसले, पाण्याच्या तळाशी काळे कण साचलेले असले, तर तेच. मग मात्र डॉक्टर हवेत. दुकानातला कुत्र्याच्या गोचिडीचा फवारा मनाने मारू नको.

फवाऱ्यावरून आठवलं. पालिकेची धूरफवारणी खाली सुरू झाली की खिडक्या लाव. डासांची उदबत्ती, झुरळांचा स्प्रे, मुंग्यांचा खडू, यातलं काही त्या खोलीत नको. मुंग्या उंदराच्या वासावर येतातच. टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले की प्रश्न मिटतो. आणि टँक वॉशिंग मशीनच्या किंवा टीव्हीच्या स्पीकरच्या शेजारी असेल तर हलव, जमिनीची थरथर त्याला जबड्यातून कळते.

हे सगळं लागलं की सात दिवस त्याला विसर. पाणी बदलायचं, तापमान वाचायचं, बस. पाहुण्यांना दाखवायला काढायचा नाही, फोटो काढायचा नाही. मला ठाऊक आहे हे फार जड जातं. सातव्या दिवसानंतर रात्री दिवे घालवून एकदा खायला दे. पण त्याआधी ज्याच्याकडून आणलास त्याला फोन कर: तिथे काय खात होता, छोटा उंदीर की घुशीसारखी मोठी जात, जिवंत की गोठवलेला, शेवटचं कधी खाल्लं? एका प्रकाराची सवय लागलेलं पिल्लू दुसऱ्याकडे ढुंकून बघत नाही. भक्ष्य त्याच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाएवढंच असावं. गोठवलेलं असेल तर आधी फ्रिजमध्ये वितळव, मग कोमट पाण्यात पिशवीतून गरम कर, मायक्रोवेव्ह नाही. भक्ष्याचं डोकं जास्त कोमट असलं की सापाला ते लगेच कळतं. लांब चिमट्याने लपणाच्या दाराशी धर, दोन मिनिटांत उचललं नाही तर तिथेच ठेवून खोलीबाहेर जा. सकाळी तसंच असेल तर टाकून दे आणि पुढचे पाच-सात दिवस विचारू नको. रोज रोज समोर नाचवलं की तो आणखी बिथरतो. जिवंत उंदीर टँकमध्ये सोडून झोपून जाणं तर कधीच नको, उंदीर सापाला कुरतडतो.

उंदरांचा डबा फ्रीझरमध्ये ठेवण्यावरून आमच्याकडे श्रावणात मोठं वादळ झालं होतं. घट्ट झाकणाचा वेगळा डबा, त्यावर चिकटपट्टी, आणि तो खालच्या कोपऱ्यात, एवढ्यावर सासूबाई राजी झाल्या. नागपंचमीला त्यांच्या मैत्रिणी दुधाची वाटी घेऊन आल्या तेव्हा सापाला दूध पचत नाही हे त्यांनीच सांगितलं. आईशी भांडू नको, आईला या कामात घे.

घाबरायचं कधी, ते वजनावरून ठरव. स्वयंपाकघरातला ग्रॅममध्ये मोजणारा डिजिटल काटा घे, त्यावर झाकणाचा डबा ठेवून शून्य कर, पिल्लू आत सोड, आकडा वहीत लिही. आठवड्यातून एकदाच, त्याच दिवशी त्याच वेळी. आणल्या दिवसाच्या वजनापेक्षा दहा टक्क्यांच्या वर उतरलं, कणा टोकदार दिसायला लागला, तोंड उघडं ठेवून श्वास घेतोय, नाकातोंडाशी बुडबुडे येतायत, शिट्टीसारखा आवाज येतोय, तर थांबू नको, त्याच दिवशी डॉक्टरांकडे. डोळे दुधाळ निळसर झाले असतील तर मात्र कात टाकायची वेळ आहे, तेव्हा खाणं देऊच नको. हातात घेण्याचं दोन-तीन जेवणं पचल्यावर बघ, आणि जेवणानंतर अठ्ठेचाळीस तास नाहीच.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस आणि मला ती खटकली: कागद. मी वकील नाही, नियम स्वतः तपासून घे. बॉल पायथन साइट्सच्या (CITES, वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात येतो, त्यामुळे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तो अनुसूची चारमध्ये धरला जातो. फेब्रुवारी २०२४ च्या नियमांप्रमाणे असे प्राणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदवावे लागतात, हस्तांतरही कळवावं लागतं. विकणाऱ्याने ‘काही लागत नाही’ म्हटलं असेल तर त्याच्याकडून आजच लेखी कागद माग. आणि उद्या कोणी स्वस्तात मांडूळ, धामण किंवा दिवड देऊ केली तर हात लावू नको, आपले देशी साप पाळता येत नाहीत. असा साप कुठे कोंडलेला दिसला तर वनखात्याच्या १९२६ ला कळव.

टँक आज हलव, डबे कापून ठेव, टिश्यूची तपासणी कर. मग मला चार गोष्टी लिही: आजचं वजन, गरम बाजूचा आकडा, थंड बाजूचा आकडा, आणि आधीच्या मालकाकडे ते काय खात होतं. टिश्यूवर ठिपके निघाले तर तेही लगेच सांग. सापांचे रुग्ण नेहमी बघणाऱ्या डॉक्टरांचा पत्ता मी तुला खासगीत पाठवते.