कंट्रोलर म्हणतो ‘बंद’, वाय-फाय मात्र चालू : वाचकांचे प्रश्न

फर्मवेअर, म्हणजे उपकरणाच्या आतलं सॉफ्टवेअर, पक्कं होण्याआधी कंपन्या ते ‘अर्ली ॲक्सेस’ किंवा ‘रिलीज कँडिडेट’ या नावानं चाचणीसाठी देतात. ते चढवल्यावर ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय पसरवणारे डबे) आणि कंट्रोलर (त्या सगळ्यांची सेटिंग सांभाळणारं सॉफ्टवेअर) यांचं बिनसलं, अशा आशयाची ही पत्रं. पत्रांतली कंपन्यांची नावं गाळली आहेत. उत्तरांतले पोर्ट (नेटवर्कवरची क्रमांकांची दारं) आणि आज्ञा उदाहरणादाखल युनिफाय या व्यवस्थेच्या घेतल्या आहेत. दुसऱ्या व्यवस्थेत आकडे बदलतात, तपासाचा क्रम बदलत नाही.

प्रश्न : सदाशिव पेठेत आमची अभ्यासिका आहे. तीन मजल्यांवर सहा ॲक्सेस पॉइंट, आणि कंट्रोलर ऑफिसातल्या विंडोज कॉम्प्युटरवर. चाचणी आवृत्त्यांचा पर्याय चालू करून सगळे पॉइंट अपडेट केले. आता सहापैकी चार ‘डिसकनेक्टेड’ दिसतात, पण मुलांचं इंटरनेट सुरळीत चालू आहे. चारही रिसेट करून पुन्हा जोडून घेऊ का?
— अभ्यासिकाचालक, सदाशिव पेठ

उत्तर : इतक्यात नको. रिसेट केल्याबरोबर वाय-फायचं नाव, पासवर्ड, व्हीलॅन (एकाच वायरीवर वेगळं केलेलं नेटवर्क) सगळं पुसलं जाईल आणि आज जे चालू आहे तेही बंद पडेल. मुलांचे अर्ज भरायचे दिवस असतील तर गोंधळ वेगळाच.

इंटरनेट चालू राहतं, कारण मोबाइलपासून राउटरपर्यंतची वाहतूक कंट्रोलरमधून जातच नाही. एकदा मिळालेल्या सेटिंगवर पॉइंट आपलं काम करत राहतो. कंट्रोलर लागतो तो सेटिंग बदलायला, आकडेवारी बघायला आणि पाहुण्यांसाठी कूपन किंवा लॉगिनचं पान ठेवलं असेल तर ते दाखवायला. तुमच्याकडे कूपन पद्धत असेल, तर नव्या मुलांना आत येताना अडचण येईल. बाकी घाई करण्यासारखं काही नाही.

पॉइंट दर थोड्या वेळानं कंट्रोलरच्या टीसीपी पोर्ट ८०८० वर हजेरी लावतो. ती हजेरी पोचत नाही किंवा पोचूनही नाकारली जाते, म्हणून ‘डिसकनेक्टेड’. यातलं नेमकं काय होतंय हे पॉइंटलाच विचारा. राउटरच्या डीएचसीपी यादीतून, म्हणजे वाटलेल्या पत्त्यांच्या यादीतून, त्याचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) घ्या आणि एसएसएचनं (दुरून आज्ञा टाइप करायच्या जोडणीनं) आत शिरा. इथे बरेच जण अडकतात : पॉइंट कंट्रोलरला जोडलेला असताना कारखान्याचा ‘यूबीएनटी’ हा पासवर्ड चालत नाही. कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये ‘डिव्हाइस ऑथेंटिकेशन’खाली जे नाव-पासवर्ड असतात ते लागतात. आत गेल्यावर ‘इन्फो’ ही आज्ञा द्या. फर्मवेअरची आवृत्ती, आयपी आणि शेवटी ‘स्टेटस’ची ओळ दिसेल.

‘टाइमआउट’ असेल तर हजेरी पोचतच नाहीये. बहुतेक वेळा कारण साधं असतं. वीज गेली, राउटर पुन्हा सुरू झाला, ऑफिसच्या कॉम्प्युटरला नवा आयपी मिळाला, आणि पॉइंट अजून जुन्या पत्त्यावर हाका मारतायत. अपडेटच्या वेळीच सगळं रीस्टार्ट झाल्यामुळे आळ फर्मवेअरवर येतो. स्टेटसच्या ओळीतच कंट्रोलरचा पत्ता छापलेला असतो. तो आजच्या पत्त्याशी ताडून बघा. वेगळा असेल तर ‘सेट-इन्फॉर्म’ आज्ञेनं नवा पत्ता द्या, आणि राउटरमध्ये त्या कॉम्प्युटरचा आयपी कायमचा राखून ठेवा. पत्ता बरोबर असूनही टाइमआउट येत असेल तर विंडोजचं फायरवॉल तपासा. तिथली परवानगी जावाच्या विशिष्ट फाइलच्या जागेला दिलेली असते. कंट्रोलरबरोबर जावा बदललं की जागा बदलते आणि जुनी परवानगी निरुपयोगी होते. ८०८० टीसीपी आणि ३४७८ यूडीपी हे दोन पोर्ट नावानिशी मोकळे करा. ओमाडा ही दुसरी व्यवस्था वापरणाऱ्यांनी त्याऐवजी शोधासाठी २९८१० यूडीपी आणि व्यवस्थापनासाठी २९८१४ टीसीपी बघावेत.

‘अनेबल टू रिझॉल्व्ह’ म्हणजे पत्ता आकड्यांऐवजी नावानं दिलाय आणि ते नाव डीएनएसला (नावावरून आयपी शोधणाऱ्या सेवेला) सापडत नाही. सेट-इन्फॉर्म देताना सरळ आयपी लिहा.

‘सर्व्हर रिजेक्ट’ किंवा ‘डिक्रिप्ट एरर’ आली तर मामला वेगळा. हजेरी पोचतेय, पण कंट्रोलर पॉइंटला ओळखत नाही किंवा दोघांकडची किल्ली जुळत नाही. कंट्रोलरवर जुना बॅकअप चढवला, किंवा एखादा पॉइंट मधेच कुणी रिसेट केला, की असं होतं. अशा पॉइंटलाच यादीतून काढून, रिसेट करून पुन्हा दत्तक घ्यावं, म्हणजे कंट्रोलरला नव्यानं जोडावं लागतं. तेही एकेक करून, रात्री अभ्यासिका बंद झाल्यावर.

या सगळ्यातून काही निघालं नाही तर खरंच आवृत्तीचा प्रश्न असू शकतो. नवं फर्मवेअर कंट्रोलरची किमान अमुक आवृत्ती मागतं आणि तुम्ही पॉइंट पुढे नेऊन कंट्रोलर मागेच ठेवलेला असतो. प्रकाशन-टिपणात ही अट लिहिलेली असते. दोन पॉइंट जोडलेले आहेत ते कुठल्या मॉडेलचे आणि कुठल्या आवृत्तीचे, हे आधी बघा. निम्मं उत्तर तिथेच मिळतं. मागे यायचं असेल तर त्याच मॉडेलची पक्की आवृत्ती उतरवा, फाइलचा चेकसम (फाइल जशीच्या तशी उतरल्याची खूण) जुळवा आणि एसएसएचमधून ‘अपग्रेड’ आज्ञेपुढे फाइलचा वेबपत्ता द्या. एका पॉइंटवर करून बघा, तो जोडला गेला की मगच बाकीचे तीन.

प्रश्न : कोथरूडच्या आमच्या सोसायटीत कंट्रोलर एका लहानशा लिनक्स कॉम्प्युटरवर आहे. कंट्रोलरचं सॉफ्टवेअरच चाचणी आवृत्तीवर नेलं. आता पानच उघडत नाही. जुनी आवृत्ती टाकून काल घेतलेला बॅकअप चढवायला गेलो तर तो नाकारतो.
— सोसायटीचे सचिव, कोथरूड

उत्तर : बॅकअप नाकारतो, कारण तो तुम्ही अपडेटनंतर घेतलाय. जुन्या आवृत्तीचा बॅकअप नवीवर चढतो, नव्याचा जुनीवर चढत नाही. डेटाबेसची रचनाच बदललेली असते. पण लगेच निराश होऊ नका. स्वयंचलित बॅकअप चालू असेल तर कंट्रोलरच्या डेटा फोल्डरात, ‘बॅकअप’मधल्या ‘ऑटोबॅकअप’ फोल्डरात जुन्या फाइली असतात. नावातच आवृत्ती आणि तारीख असते. अपडेटच्या आधीची सर्वांत अलीकडची फाइल दुसरीकडे उतरवून ठेवा. त्यानंतरच काही काढाटाका, कारण सॉफ्टवेअर पूर्ण पुसताना काही पद्धतींत हे फोल्डरही जातं.

आता पान का उघडत नाही ते. कंट्रोलरचे दोन टेकू असतात : जावा (ज्यावर तो चालतो) आणि मोंगोडीबी (त्याचा डेटाबेस). युनिफायच्या ७.५ पासून किमान जावा १७ लागतं. मशीनवर ८ किंवा ११ असेल तर सेवा सुरू होऊन लगेच पडते. हे सोपं, जावा टाकलं की मिटलं. मोंगोडीबी जास्त त्रास देतो. ५.० आणि पुढच्या आवृत्त्यांना प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स ही सोय लागते. सोसायट्यांमध्ये हमखास सापडणारे ते छोटे सेलेरॉनवाले डबे, म्हणजे जे१९००, जे३४५५, जे४१२५ वगैरे, यांत ती नाही. अपडेटबरोबर कुणी मोंगोडीबीही पुढे नेला असेल, तर तो ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून बसकण मारतो. सेवेच्या नोंदीत हे शब्द दिसले, तर सेटिंगमध्ये कितीही वेळ घालवलात तरी हाती काही लागणार नाही. मोंगोडीबी ४.४ वर परत या, किंवा मशीन बदला.

प्रोसेसर ठीक असेल तर मधली पायरी गाळली का ते बघा. ४.४ वरून थेट ७.० वर उडी मारता येत नाही, ५.० आणि ६.० या पायऱ्या घ्याव्या लागतात, आणि प्रत्येक पायरीवर डेटाबेसमधली सुसंगतता-आवृत्तीची सेटिंग बदलून मग पुढे. हे न करता पुढे गेलेला डेटाबेस दुरुस्त करत बसण्यापेक्षा कंट्रोलर कोरा टाकून जुना बॅकअप चढवणं कमी वेळाचं आणि कमी जोखमीचं. डिस्क भरलीय का, तेही एकदा बघून घ्या. आठ जीबीच्या साठवणीवर जुने लॉग साचले की डेटाबेस लिहायचं थांबवतो आणि दोष अपडेटला जातो.

जुना बॅकअप चढला की पॉइंट आपोआप ओळखले जातात, कारण त्यांच्या किल्ल्या बॅकअपमध्येच असतात. मधल्या काळात रिसेट केलेले तेवढे हातानं जोडावे लागतील.

अपडेटआधीची एकही फाइल सापडली नाही तर एकेका पॉइंटवर एसएसएचनं जाऊन किंवा रिसेटचं बटण दहा सेकंद दाबून नव्यानं सुरुवात, एवढाच मार्ग. त्याआधी वाय-फायची नावं, पासवर्ड आणि व्हीलॅनचे क्रमांक कागदावर लिहून घ्या. नाव-पासवर्ड अक्षर न अक्षर तेच ठेवलं तर दीडशे घरांतले फोन, टीव्ही पुन्हा जोडत बसावं लागत नाही.

प्रश्न : अपडेट चालू असताना एक ॲक्सेस पॉइंट मेला. दिवा लागत-विझत राहतो, नेटवर्कवर दिसत नाही. दुरुस्तीवाले नवा घ्या म्हणतात.
— एक वाचक, हडपसर

उत्तर : थांबा, अजून गेला म्हणू नका. पीओई स्विच (नेटवर्कच्या तारेतूनच वीज देणारा) आणि पॉइंट एकाच वेळी अपडेटला लावले होते का? स्विच रीस्टार्ट झाला की पॉइंटची वीज जाते, आणि तो नेमका फ्लॅशवर लिहीत असेल तर असा अर्धवट राहतो. क्रम असा हवा : आधी कंट्रोलर, मग पॉइंट, ते सगळे परत जोडलेले दिसले की स्विच. पॉइंट एकमेकांना वायरशिवाय जोडलेले असतील तर त्यांतही सर्वांत लांबचा आधी.

बहुतेक जुन्या मॉडेलांत टीएफटीपीनं, म्हणजे फाइल पाठवायच्या एका साध्या पद्धतीनं, जीव आणता येतो. लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा, लॅन कार्डाला १९२.१६८.१.१० हा आयपी आणि २५५.२५५.२५५.० हा मास्क द्या. इंजेक्टरच्या (तारेत वीज सोडणाऱ्या डब्याच्या) लॅन तोंडाला लॅपटॉप जोडा. पिननं रिसेट दाबून धरा आणि दाबलेल्या स्थितीतच पॉइंटला वीज द्या. वीस-पंचवीस सेकंदांनी दिवा पांढरा, निळा, बंद असा फिरू लागला की सोडा. पॉइंट आता १९२.१६८.१.२० वर पिंगला उत्तर देईल. उत्तर आलं म्हणजे बूटलोडर, म्हणजे पॉइंट सुरू करणारा मूळ प्रोग्राम, शाबूत आहे. त्या मॉडेलची पक्की फर्मवेअर फाइल टीएफटीपीनं बायनरी पद्धतीनं त्या आयपीवर पाठवा. विंडोजमध्ये टीएफटीपी क्लायंट आधी ‘विंडोज फीचर्स’मधून चालू करावा लागतो, फायरवॉलही तेवढ्यापुरतं बंद. फाइल गेल्यावर दहा मिनिटं हात लावू नका. गुरुवारी महावितरणची देखभाल असते, तेव्हा दुसरा वार निवडा किंवा इंजेक्टर यूपीएसवर ठेवा.

इंजेक्टर मात्र त्याच पॉइंटचा घ्या. जुनी काही मॉडेलं २४ व्होल्ट पॅसिव्हवर (न तपासता थेट सोडलेल्या विजेवर) चालतात, नवी ४८ व्होल्टच्या ८०२.३एएफ या प्रमाणित पीओईवर, अदलाबदल झाली की निदान चुकतं, आणि पॅसिव्ह ४८ व्होल्ट २४ च्या पॉइंटला दिले तर तो खरोखरच जातो.

पिंगच आलं नाही आणि वॉरंटी संपलेली असेल, तरच झाकण उघडून सिरियल जोडणीचा विचार करा. पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात सीपी२१०२ किंवा सीएच३४० चं यूएसबी मॉड्यूल मागा, जम्पर ३.३ व्होल्टवर असल्याची खात्री करा. ग्राउंड, टीएक्स, आरएक्स या तीनच तारा जोडायच्या, व्होल्टची तार मोकळी. वेग ११५२००. स्क्रीनवर बूटलोडरच्या ओळी आल्या तर आशा आहे. काहीच आलं नाही, तर दुरुस्तीवाल्यांचं ऐका.

प्रश्न : भोसरीत आमचं वर्कशॉप आहे. अपडेटनंतर सगळे फोन जोडतात, पण हजेरीचं बोटाच्या ठशाचं मशीन आणि लेबल प्रिंटर जोडत नाहीत. पासवर्ड शंभर टक्के बरोबर आहे.
— कारखानदार, भोसरी

उत्तर : पासवर्ड बरोबरच असणार. ही यंत्रं बहुधा फक्त २.४ गिगाहर्ट्झ आणि डब्ल्यूपीए२ ही जुनी सुरक्षा-पद्धत जाणतात. अपडेटनं सुरक्षेची सेटिंग डब्ल्यूपीए२/३ मिश्र केली आणि व्यवस्थापन-फ्रेमचं संरक्षण, म्हणजे पीएमएफ, ‘आवश्यक’वर गेलं, की ती दारातच अडतात. कंट्रोलरच्या नोंदीत जोडणी नाकारल्याचा स्टेटस कोड ३१ दिसला तर हेच कारण. त्याऐवजी कारण क्रमांक १५ वारंवार दिसला तर किल्लीची देवघेव पूर्ण होत नाहीये. तेव्हा जलद रोमिंग (एका पॉइंटवरून दुसऱ्यावर पटकन जाणं), म्हणजे ८०२.११आर, बंद करून बघा.

सगळ्या वर्कशॉपची सुरक्षा एका मशीनसाठी खाली आणू नका. यंत्रांसाठी वेगळं वाय-फाय नाव करा : फक्त २.४, फक्त डब्ल्यूपीए२, पीएमएफ बंद, जलद रोमिंग बंद, रुंदी २० मेगाहर्ट्झ, चॅनल १, ६ किंवा ११. ते वेगळ्या व्हीलॅनवर ठेवा, पण हजेरीचा सर्व्हर तिथून दिसेल एवढी वाट फायरवॉलमध्ये सोडा. चॅनल आपोआपवर ठेवू नका. काही मशीन अमेरिकी बाजारासाठी बनलेली असतात, त्यांना १२ आणि १३ दिसतच नाहीत.

प्रश्न : विमाननगरला राहतो. नवं फर्मवेअर टाकल्यापासून पॉइंट सुरू झाला की ५ गिगाहर्ट्झ मिनिटभर दिसत नाही, आणि दिवसातून कधीतरी अचानक गायब होतं.
— एक वाचक, विमाननगर

उत्तर : बिघाड नाही. ५२ ते १४४ या चॅनलांवर प्रसारण सुरू करण्याआधी पॉइंटला ६० सेकंद ऐकून रडार नसल्याची खात्री करावी लागते. चालू असताना रडारसारखं काही ऐकू आलं तर ते चॅनल सोडून अर्धा तास तिकडे फिरकता येत नाही. तुम्ही लोहगाव विमानतळाच्या शेजारी आहात, तेव्हा इशारे खरेही असतील. अपडेटनंतर चॅनल ‘आपोआप’वर किंवा चॅनलची रुंदी १६० मेगाहर्ट्झवर गेली असावी. ३६ वर १६० ठेवलं तरी ते ६४ पर्यंत पसरतं, म्हणजे पुन्हा रडारच्या पट्ट्यात. चॅनल ३६ आणि रुंदी ८० कायम करा, किंवा १४९ आणि ८०.