वचनाच्या मागे-पुढे काय लिहिले आहे? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या खेपेच्या बहुतेक प्रश्नांत एक गोष्ट सारखी दिसली. कुणीतरी पवित्र शास्त्रातले एक वचन ऐकवले, आणि दिलासा मिळायच्या ऐवजी ऐकणाऱ्याच्या डोक्यावरचे ओझे वाढले. म्हणून उत्तर देताना प्रत्येक वेळी तो अख्खा अध्याय पुन्हा उघडला आहे.

प्रश्न: माझ्या सख्ख्या भावाने खोटे सांगून अनेकदा पैसे नेले, एकदाही परत केले नाहीत. आता पुन्हा मागतो आहे. घरचे म्हणतात, ‘साताच्या सत्तर वेळा क्षमा करायची असते, दे त्याला.’ नाही म्हटले तर ते पाप होईल का?

हे वचन मत्तयाच्या 18व्या अध्यायात आहे. पेत्र या शिष्याने विचारले, सात वेळा क्षमा करू काय? त्यावर प्रभू येशूने हे उत्तर दिले आणि लगेच दोन कर्जदारांचा दाखला सांगितला. एकावर दहा हजार तलांतांचे कर्ज होते. एक तलांत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार, आणि दीनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी! ते सगळे माफ झालेला माणूस शंभर दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. तेव्हा क्षमा करायचीच आहे, यात पळवाट नाही. भावाविषयीचा डूख मनात जपून ठेवायची मुभा तुम्हाला नाही, मलाही नाही.

पण त्याच अध्यायात, पेत्राच्या प्रश्नाच्या थोडे आधी, 15व्या वचनापासून काय आहे ते घरच्यांनी वाचले आहे का? भावाने अपराध केला तर त्याला एकांतात गाठून त्याचा अपराध दाखव. ऐकले नाही तर आणखी एकदोघांना सोबत घेऊन जा. झाकून टाक, असे तिथे कुठेही नाही.

योसेफाकडे बघा. भावांनी विकल्यानंतर वीसहून अधिक वर्षांनी, तो मिसर देशाचा अधिकारी झालेला असताना, ते धान्य मागायला त्याच्यासमोर उभे राहिले. तो आडोशाला जाऊन रडला, म्हणजे प्रेम होतेच. तरीही त्याने लगेच ओळख दिली नाही. सगळ्यात धाकट्या बन्यामिनाच्या ऐवजी मला गुलाम म्हणून ठेवा, असे त्या भावांपैकी यहूदा म्हणाला, तेव्हा कुठे योसेफ उघड झाला. मला सगळ्यात मोलाचे वाटते ते हे, की या मधल्या काळात त्याने भावांना उपाशी ठेवले नाही. गोण्या भरून धान्य दिले, त्यांचे पैसेही गुपचूप परत ठेवले. पोटाला लगेच दिले. विश्वास मात्र बदल दिसल्यावर ठेवला.

तुम्हीही तसेच करू शकता. त्याच्या मुलांची फी परस्पर शाळेत भरा, घरात किराणा टाका, पण हातात रोकड देऊ नका. आणि का देत नाही, ते त्याला तोंडावर, प्रेमाने सांगा. प्रेषित पौलाने, आपले फार वाईट करणाऱ्या आलेक्सांद्र तांबटाची परतफेड प्रभूवर सोपवली, आणि त्याच दमात आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिले, की तूही त्याच्यापासून जपून राहा.

प्रश्न: मी बऱ्याच काळापासून आजारी आहे. प्रार्थनेला येणाऱ्या बहिणी म्हणतात, विश्वास असता तर एव्हाना बरी झाली असतीस; औषध घेतेस याचा अर्थ देवावर भरवसा नाही.

ताई, प्रथम औषध चालू ठेवा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करू नका.

‘तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे’ हे प्रभूचे शब्द खरे आहेत. बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेल्या स्त्रीला तो ते बोलला. पण योहानाच्या 5व्या अध्यायात अडतीस वर्षे आजारी असलेला एक माणूस आहे. त्याला बरे करणारा कोण, हेसुद्धा ठाऊक नव्हते, आणि तरी प्रभूने त्याला उठवले. जन्मांधाबद्दल शिष्यांनी विचारले, पाप कुणाचे, याचे की आईबापांचे? प्रभूने दोन्ही नाकारले.

पौलाच्या अंगावरचे रुमाल नेले तरी रोगी बरे होत, असे ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक सांगते. त्याच पौलाने आपला सोबती त्रफिम याला मिलेत नगरात आजारी सोडले. तीमथ्याला पोटासाठी आणि वारंवारच्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले. स्वतःच्या शरीरातला काटा, म्हणजे सतत सलणारा त्रास, जावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली, तो गेला नाही. माझी कृपा तुला पुरे, एवढेच उत्तर मिळाले. या माणसाचा विश्वास कमी होता असे कोण म्हणेल? आणि त्याच्या सोबत्यांत लूक होता, त्याचा उल्लेख पौल ‘प्रिय वैद्य’ असा करतो.

त्या बहिणींना याकोबाच्या पत्राचा 5वा अध्याय शांतपणे वाचून दाखवा. आजाऱ्याने मंडळीच्या (चर्चच्या) वडीलजनांना बोलवावे आणि त्यांनी त्याच्यावर प्रार्थना करावी, असे तिथे आहे. विश्वासाची प्रार्थना करायची आहे ती आलेल्या माणसांनी. अंथरुणावरच्या माणसाचा विश्वास मोजायचे काम त्यांना दिलेले नाही. हे मी जरा कडक शब्दांत लिहितो आहे, कारण अशा बोलण्याने खचलेली माणसे मी पाहिली आहेत.

प्रश्न: पगाराचा दशांश दिला की आईवडिलांच्या औषधांना पैसे उरत नाहीत. आधी देवाचे, असे मला शिकवले आहे.

मार्काचा 7वा अध्याय वाचा. आईबापांना द्यायचे ते ‘कुर्बान’ म्हणजे देवाला अर्पण केले, असे म्हणून हात झटकणाऱ्यांना प्रभूने फार कठोर शब्दांत खडसावले आहे. त्यांची औषधे आधी आणा. अर्पण उरलेल्यातून, जमेल तेवढे, आनंदाने द्या. गरीब विधवेने अर्पण केलेल्या दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, प्रभूला पुरेशा वाटल्या होत्या.

प्रश्न: यिर्मया 29:11 (‘तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत’) भिंतीवर लावून परीक्षेची तयारी केली. नापास झालो. देवाने शब्द मोडला का?

नाही. ते वचन एका पत्रातले आहे. बाबेलात बंदिवान म्हणून नेलेल्या लोकांना यिर्मयाने ते लिहिले. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा सांगतो, की दोन वर्षांत सगळे परत येईल. लोकांना तेच ऐकायचे होते, पण ते खोटे ठरले. यिर्मयाने सत्तर वर्षे सांगितली. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांतले कितीतरी जण परतीचा दिवस पाहणारही नव्हते. त्यांना देव म्हणतो: घरे बांधा, मळे लावा, लग्ने करा, ज्या नगरात आहात त्याच्या हितासाठी प्रार्थना करा.

अमुक निकाल अमुक दिवशी लागेल, असे हे अभिवचन नाही. निकाल मनाविरुद्ध लागल्यावरही देवाने आपल्याला टाकलेले नाही, असे ते सांगते. कागद भिंतीवरच राहू द्या, पण त्याच्याशेजारी पाचवे ते सातवे वचनही लिहा. मग कुठला विषय कच्चा राहिला ते शिक्षकांना विचारा आणि पुन्हा फॉर्म भरा.

प्रश्न: वरिष्ठ खोटी बिले करायला लावतात. ‘धन्यांच्या आज्ञेत राहा’ असेही शास्त्र सांगते ना?

सांगते, पण तिथेच पुढे लिहिले आहे, की ते प्रभूसाठी करा. खोटे बिल प्रभूसाठी करता येत नाही. नकार कसा द्यावा, हे बाबेलच्या राजाचे अन्न नाकारणाऱ्या दानिएलाकडून शिकावे. त्याने आरडाओरडा केला नाही, अधिकाऱ्याची अडचण समजून घेतली आणि दहा दिवसांच्या परीक्षेचा पर्याय पुढे ठेवला. तुम्हीही खरा हिशेब तयार करून द्या आणि सही फक्त त्यावरच करीन, असे नम्रपणे लेखी कळवा. नोकरीला धक्का लागणार नाही, अशी हमी मी देऊ शकत नाही. म्हणून आजच घरी आणि पाळकांना विश्वासात घ्या. पगार थांबला तर तुमच्या घराला हात द्यायची जबाबदारी मंडळीची आहे, आणि ती त्यांना वेळेआधी कळलेली बरी.