ॲक्सोलॉटलच्या टाकीतील शेवाळ

प्रश्न : माझ्या ॲक्सोलॉटलच्या टाकीची काच आठवड्याभरात हिरवी होते आणि दगडांवरही बुळबुळीत थर साचतो. माशांच्या टाकीसाठी मिळणारे शेवाळनाशक औषध वापरावे, की शेवाळ खाणारा मासा सोडावा?

उत्तर : दोन्ही टाळावे. अनेक शेवाळनाशकांत तांब्याचे क्षार असतात आणि ॲक्सोलॉटल हा आयुष्यभर पाण्यातच राहणारा उभयचर असल्यामुळे पाण्यातील द्रव्ये त्याच्या खवलेविरहित त्वचेतून व उघड्या कल्ल्यांतून सहज शरीरात जातात. त्यामुळे माशांना सोसणारी मात्राही त्याला घातक ठरू शकते. शेवाळ खाणारा प्लेको मासा ॲक्सोलॉटलच्या अंगाला चिकटून त्वचेवरील संरक्षक थर ओरबाडतो, आणि गोगलगाय सोडल्यास ती कवचासकट गिळली जाऊन आतड्यात अडकण्याची भीती असते.

हिरवे शेवाळ स्वतः अपायकारक नसते. ते फोफावते उजेडावर आणि विष्ठा व उरलेल्या अन्नातून पाण्यात उतरणाऱ्या नायट्रेट-फॉस्फेटवर. ॲक्सोलॉटलला पापण्या नसतात व त्याला मंद प्रकाशच मानवतो, म्हणून दिवा कमी करणे हा उपाय त्याच्याही सोयीचा आहे. टाकीत वनस्पती असतील तर दिवसाला सहा तास दिवा पुरे. नसतील तर तो लावलाच पाहिजे असे नाही. खिडकीतून थेट ऊन येत असल्यास टाकी हलवावी, कारण त्या उन्हाने पाणीही तापते आणि ते २० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देणे योग्य नव्हे.

न खाल्लेले गांडुळाचे तुकडे लगेच उचलावेत. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलावे. नवे पाणी क्लोरीनमुक्त व त्याच तापमानाचे असावे आणि नायट्रेट लिटरला २० मिलिग्रॅमच्या आत राहते का, हे चाचणी संचाने पाहावे. काच साबण न लावता स्वच्छ स्पंजने पुसावी आणि सुटलेले शेवाळ नळीने ओढून काढावे, नाहीतर तेच कुजून पुढच्या शेवाळाला खत पुरवते. दगड मात्र बाहेर काढून ब्रशने घासावेत. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नये. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो हलकेच पिळावा, म्हणजे विष्ठेतून येणाऱ्या विषारी अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे उपयुक्त जिवाणू टिकतात.

नव्या टाकीत दिसणारा तपकिरी, पुसताच निघणारा थर डायॅटम या सूक्ष्म शैवालाचा असतो आणि तो बहुधा काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. जावा फर्न किंवा अनुबियास या वनस्पती मंद उजेडातही जगतात व थोडे नायट्रेट शोषतात. मागच्या काचेवरचा पातळ हिरवा थर आम्ही तरी राहू देऊ. तोही पाण्यातले नायट्रेट शोषूनच वाढतो.