बिअर्डेड ड्रॅगन दिवसभर काच ओरबाडत असेल तर आधी काय तपासावे?

आपण ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनहून विचारले आहे की, आपला अडीच वर्षांचा बिअर्डेड ड्रॅगन (गळ्याखाली दाढीसारखी काटेरी कातडी असलेला, काचेच्या पेटीत पाळला जाणारा सरडा) गेले पाच दिवस सकाळी दिवा लागल्यापासून संध्याकाळपर्यंत मागच्या पायांवर उभा राहून काच ओरबाडतो, कोपरे उकरतो आणि निम्मेच खातो. तर तो कंटाळला आहे का, आणि त्याला जोडीदार आणावा का?

जोडीदार मात्र आणू नका. हा प्राणी एकट्याने राहणारा आहे. दोन नर एका पेटीत ठेवले तर ते एकमेकांच्या पायाची बोटे आणि शेपटीची टोके चावतात, आणि नर-मादी ठेवले तर नर मादीला विसावा म्हणून देत नाही. एक सरडा दुसऱ्याच्या पाठीवर बसलेला दिसतो तेव्हा पाहणाऱ्याला ती माया वाटते. प्रत्यक्षात वरच्याने दिव्याखालची ऊब बळकावलेली असते. शिवाय आपल्याकडे ऑस्ट्रेलियात देशी सरडा पाळण्यास राज्याचा परवाना लागतो, हे आपणास ठाऊक असेलच.

‘कंटाळा’ या शब्दाबद्दल मला थोडी शंका आहे. पेटी खरोखर लहान असेल, म्हणजे १२० सेंटिमीटर लांब, ६० रुंद आणि ६० उंच यापेक्षा कमी असेल, तर प्रौढ सरडा काचेवर डोके आपटत राहतो, हे खरे. परंतु अडीच वर्षे त्याच पेटीत शांत राहिलेला प्राणी पाच दिवसांपूर्वी अचानक कंटाळला असे म्हणण्यापेक्षा त्याच्या शरीरात किंवा पेटीच्या तापमानात काही बदलले आहे, असे धरून चालणे मला अधिक योग्य वाटते. हे मी दोनदा चुकून शिकलो आहे.

पहिली चूक उष्णतेची. मी सिडनीत राहतो. आमच्या दादूला, म्हणजे माझ्या बिअर्डेड ड्रॅगनला, घरी आणल्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात त्याने पेटीच्या थंड टोकाला काच ओरबाडायला सुरुवात केली. काचेला चिकटवलेला गोल तबकडीचा तापमापक ३६ अंश दाखवत होता, म्हणून मी निश्चिंत होतो. शेवटी एका मित्राची इन्फ्रारेड तापमापक बंदूक आणून दिव्याखालच्या दगडावर रोखली, तेव्हा आकडा ५२ आला. तबकडी काचेजवळच्या हवेचे तापमान सांगते, आणि तेही अंदाजे. सरडा ज्या दगडावर पोट टेकतो त्याचे नाही. प्रौढ सरड्यासाठी त्या दगडाचा पृष्ठभाग ३८ ते ४२ अंश सेल्सिअस असावा, थंड टोकाची हवा २४ ते २७ अंशांच्या आसपास असावी, आणि रात्री १८ अंशांपर्यंत खाली आली तरी चालते. थंड टोकच ३२ अंशांवर गेले असेल तर त्या जिवाला पळायला जागाच उरत नाही. सरड्याची धाव कुंपणापर्यंत असे आपण म्हणतो, याची काचेपर्यंतच. मी दिवा वर घेतला, त्याला थर्मोस्टॅट (ठरवलेल्या तापमानाला दिवा आपोआप कमी-जास्त करणारे यंत्र) जोडला, आणि दोन दिवसांत ओरबाडणे थांबले. दगडावर बसून तोंड उघडे ठेवणे हे मात्र आजाराचे लक्षण समजू नका. जादा उष्णता बाहेर टाकण्याची ती त्याची नेहमीची रीत आहे.

तापमान मोजताना अतिनील (यूव्ही) किरण देणाऱ्या दिव्याकडेही पाहा. नळीच्या आकाराचा, वेष्टनावर १० ते १२ टक्के यूव्हीबी असे लिहिलेला दिवा असावा, आणि तो सरडा व दिवा यांच्यात काच किंवा प्लॅस्टिक न ठेवता लावावा, कारण त्यातून हे किरण जवळजवळ पार होतच नाहीत. दिव्याचा उजेड डोळ्यांना तसाच दिसत राहतो, पण किरण मात्र क्षीण होत जातात. म्हणून साधारण वर्षभराने नळी बदलावी लागते. याचा संबंध कॅल्शियमशी आहे, कारण या किरणांमुळे शरीरात ड जीवनसत्त्व तयार होते आणि त्याशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि कॅल्शियमचा संबंध माझ्या दुसऱ्या चुकीशी.

तिसऱ्या वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस दादूने पुन्हा तोच प्रकार आरंभला. या वेळी सर्व तापमाने बिनचूक होती. मी काचेवर कागद चिकटवले, पेटीची मांडणी बदलली, खाण्यात रातकिड्यांऐवजी झुरळे देऊन पाहिली. मांडणी बदलल्याने तर त्याची घालमेल वाढलीच. आठवडाभराने पशुवैद्यांनी पोटावरून बोटे फिरवली आणि शांतपणे सांगितले की, आत द्राक्षांसारखे गोळे लागत आहेत. विक्रेत्याने नर म्हणून दिलेला आमचा दादू मादी होता. (नाव आम्ही बदललेले नाही.)

मादीला अंडी धरण्यासाठी नराची गरज नसते. वसंत ऋतूत, म्हणजे ऑस्ट्रेलियात सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये, दिवस मोठे होऊ लागले की कोंबडीप्रमाणे ती निर्बीज अंडी घालू शकते. आपला प्रश्न ऑक्टोबरमधला आहे, आपला सरडा वयात आलेला आहे, तो कोपरे उकरतो आहे आणि त्याचे खाणे घटले आहे. म्हणून माझा पहिला संशय याच गोष्टीवर आहे. सरड्याला सपाट जागी ठेवून शेपटी हळूच, काटकोनापेक्षा कमी उचला. शेपटीच्या मुळाशी मधल्या खाचेच्या दोन्ही बाजूंना दोन फुगवटे दिसले तर तो नर. मध्ये एकच फुगवटा असेल किंवा तो भाग सपाट असेल तर मादी.

मादी असेल तर आजच तिच्यासाठी अंडी घालण्याची पेटी तयार करा. सुमारे ४० सेंटिमीटर लांब आणि ३० रुंद प्लॅस्टिकचा डबा घ्यावा. त्यात खेळण्याची वाळू आणि खत न मिसळलेली माती सारख्या प्रमाणात कालवून किमान २५ सेंटिमीटर खोल भरावी, आणि इतके पाणी घालावे की मुठीत दाबल्यावर गोळा टिकेल पण पाणी गळणार नाही. हाताने एक तिरके भुयार थोडेसे सुरू करून द्यावे, कारण कोरडी वाळू ढासळली की ती काम अर्धवट टाकून पुन्हा काचेकडे वळते. त्यानंतर डब्याच्या बाजू कापडाने झाका आणि तेथून निघून जा. हा भाग मला सर्वांत कठीण गेला. दर दहा मिनिटांनी डोकावणाऱ्या माणसासमोर मादी अंडी घालत नाही. दादूने दीड दिवस उकरले, दुसऱ्या दिवशी दुपारी बावीस अंडी घातली आणि खड्डा डोक्याने ठोकून ठोकून बुजवला. तिचे वजन ४३० ग्रॅमवरून ३४५ वर आले होते. त्यानंतर पाणी, कॅल्शियमची भुकटी लावलेले किडे आणि दोन दिवसांची विश्रांती, एवढेच तिला हवे असते. एका हंगामात काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा अंडी येऊ शकतात, तेव्हा डबा लगेच टाकून देऊ नका.

वाट कुठवर पाहावी हे मात्र नीट लक्षात ठेवा. ती या डब्यात दोन दिवस उकरत राहिली आणि अंडी आली नाहीत, किंवा उकरणे थांबवून ती निपचित पडली, पाय ओढू लागली, दाढी सतत काळी राहिली, तर अंडी अडकली असण्याची शक्यता असते आणि त्यात जीव जाऊ शकतो. कॅल्शियम कमी पडले की अंडी बाहेर ढकलणारे स्नायू नीट आकुंचन पावत नाहीत. म्हणूनच वर त्या नळीचा उल्लेख केला. अशा वेळी घरगुती मालिश करू नये, आत अंडे फुटू शकते. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांकडे जाऊन क्ष-किरण चाचणी करून घ्यावी.

तो नर निघाला तर गोष्ट सोपी आहे. या दिवसांत नर काचेतल्या आपल्याच प्रतिबिंबावर दाढी काळी करून मान झटकतो. तीन बाजूंना बाहेरून कागद लावला की दोन-तीन दिवसांत फरक कळतो. कागदाने फरक पडला नाही आणि विष्ठा पातळ किंवा फार दुर्गंधीची असेल, तर ताजा नमुना परजीवींच्या तपासणीसाठी द्या. प्रत्येक वेळी तो ओरबाडू लागताच त्याला बाहेर काढून खांद्यावर घेणे मात्र टाळा. ओरबाडले की दार उघडते हे तो लवकर शिकतो, आणि मग खरे कारण दूर झाल्यावरही ती खोड उरते.

दिव्याखालच्या दगडाचे, थंड टोकाचे आणि रात्रीचे अशी तीन तापमाने, स्वयंपाकघरातल्या काट्यावर केलेले वजन आणि शेपटीखालचे एक छायाचित्र याच उत्तराखाली द्या. मी आज संध्याकाळी पाहतो.