अनामत गेल्यावर: माजी फौजी, वकील आणि हरलेला उमेदवार

‘लोकांनी तोंडावर हो म्हटलं आणि मतं दिली नाहीत. आता गावात तोंड कसं दाखवू? पुन्हा उभं राहू की हे खूळ डोक्यातून काढून टाकू?’ विधानसभेचा निकाल लागला की महिनाभरात हा प्रश्न घेऊन कुणी ना कुणी आमच्याकडे समुपदेशनासाठी येतंच. बहुतेकांना बायकोनं किंवा भावानं आणलेलं असतं. पुढची हकिकत अशाच एका अपक्ष उमेदवाराची आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

साताऱ्याकडचे गृहस्थ, पन्नाशीच्या उंबरठ्यावर. नायब सुभेदार म्हणून निवृत्त झाले, मग तीन वर्षांचा एलएलबी केला, सनद काढली आणि तालुका कोर्टात वकिली सुरू केली. गावात त्यांना ‘मेजर’ म्हणतात, कोर्टात ‘वकीलसाहेब’. आले ते निकालानंतरच्या एकोणिसाव्या दिवशी. तोवर कोर्टात पाऊल टाकलं नव्हतं, तारखा ज्युनिअर घेत होता. रात्री दोनला झोप आणि सवयीनं साडेचारला जाग. लष्करी कॅन्टीनमधल्या दारूचा महिन्याचा कोटा दहा तारखेलाच संपत होता.

अशा माणसाला पहिल्याच भेटीत दोन गोष्टी आडपडदा न ठेवता विचारायच्या. ‘जीव नकोसा झालाय का? तसं काही करायचं मनात येतं का?’ आणि ‘घरात बंदूक आहे का?’ विचारल्यानं असा विचार डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. माजी फौजींकडे परवान्याची बंदूक असणं नवलाचं नाही. यांची आचारसंहितेमुळे पोलीस ठाण्यात जमा होती आणि आता परत मिळणार होती. ‘कधी कधी वाटतं, पण करणार नाही,’ असं त्यांचं उत्तर होतं. एवढ्यावर आम्ही निर्धास्त होत नाही. बंदूक सध्या आणायची नाही, हे त्यांच्या आणि सोबत आलेल्या वहिनींच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, समोर ठरलं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दोघांच्याही फोनमध्ये घालून दिला. दारू आणि झोपेसाठी मानसोपचारतज्ज्ञांची वेळ त्याच आठवड्यात घेतली.

मग वहिनी म्हणाल्या, ‘बिलांची पिशवी कपाटात तशीच पडलीय, हे हातच लावत नाहीत.’

ही पिशवी महत्त्वाची. निकालाच्या दिवसापासून तीस दिवसांत प्रत्येक उमेदवारानं जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे खर्चाचा हिशोब द्यायचा असतो. जिंकलेल्यानं तसा हरलेल्यानंही. सबळ कारण नसताना तो दिला नाही, तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १०अ खाली निवडणूक आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. म्हणजे ‘पुन्हा उभं राहू का’ हा प्रश्न त्यांच्या हातातून निसटायला अकरा दिवस उरले होते. कायदा त्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होता. पण प्रत्येक बिल उघडलं की तो पराभव पुन्हा समोर येणार, म्हणून पिशवी बंद. टाळल्यानं त्या क्षणी बरं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी तीच पिशवी दुप्पट जड होते.

त्यामुळे मनाच्या गोष्टी बाजूला ठेवून आधी हिशोब घेतला. रोज सकाळी सहा ते पावणेसात, पंचेचाळीस मिनिटं, वहिनी शेजारी. नोंदवहीतली पांढरी पानं रोजच्या खर्चाची, गुलाबी रोखीची, पिवळी बँकेची. सगळ्यात सोपं म्हणून पिवळ्या पानांपासून सुरुवात. बँकेचं विवरण समोर ठेवून नुसतं उतरवून काढायचं. एकाच माणसाला दहा हजारांहून जास्त रोख दिलीय का, ते तपासायचं. अडलं ते गाड्यांच्या भाड्याशी. दोन पावत्याच नव्हत्या आणि त्या मागायला ज्या पोरांकडे जायचं, त्यांनाच ते टाळत होते. गेले. पोरं चहा घेतल्याशिवाय सोडेनात. सत्ताविसाव्या दिवशी हिशोब दिल्याची पोच हातात आली आणि त्या रात्री सलग पाच तास झोप लागली.

रागाचं काम त्यानंतर. त्यांचं एकच पालुपद होतं: ‘शब्द देऊन फिरले.’ पलटणीत ‘हां साब’ म्हटलं की काम झालंच असं समजायचं. दोन तपं त्यातच गेलेली. गावाकडं ‘बघू की मेजर, तुम्ही आपलेच’ ही दारात आलेल्या माणसाला पाणी विचारावं तशी रीत असते. आम्ही एवढंच विचारलं, ‘वकीलसाहेब, असली तोंडी कबुली तुम्ही कोर्टात पुरावा म्हणून घेतली असती का?’ बऱ्याच वेळानं हसले. अशा माणसाला ‘हार-जीत चालायचीच’ म्हणू नये. ते त्यांना घरच्यांनी पन्नासदा ऐकवलेलं असतं आणि दर वेळी आपलं दुःख किरकोळ ठरवल्यासारखं वाटतं.

अनामतीची लाजही मोठी. रक्कम दहा हजारच, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला पाच हजार. पण ती वाचायला वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात. दोन लाख वैध मतं असतील तर ३३,३३३ पेक्षा जास्त. पक्ष नाही, यंत्रणा नाही, पहिलीच निवडणूक. हा आकडा त्यांनी अर्ज भरण्याआधी कागदावर मांडलाच नव्हता.

याच सुमारास त्यांनी फोनवर आलेली ती यादी दाखवली: लिंकन इतक्या वेळा हरले, तरी राष्ट्राध्यक्ष झाले. ही यादी आम्हाला मुळीच आवडत नाही. (शाळेच्या भिंतीवरचं मुख्याध्यापकांना लिहिलेलं पत्रही लिंकननं लिहिल्याचा पुरावा नाही, पण ते राहू दे.) यादीत पराभव तेवढे ठेवतात आणि मधले विजय गाळतात. वाचणाऱ्याला वाटतं, हरत राहिलं की आपोआप काहीतरी होतं.

खरी हकिकत जास्त उपयोगाची आहे. १८३२ साली ब्लॅक हॉक युद्धात लिंकन स्वयंसेवक म्हणून गेले. तुकडीनं त्यांना कॅप्टन निवडलं, पण प्रत्यक्ष लढाई वाट्याला आली नाही. परत आले तेव्हा इलिनॉय विधिमंडळाच्या मतदानाला थोडेच दिवस उरले होते. जागा चार, उमेदवार तेरा, लिंकन आठवे. पण त्यांच्या न्यू सालेम गावच्या केंद्रावर ३०० पैकी २७७ मतं त्यांना होती. म्हणजे जिथं लोक ओळखत होते तिथं जिंकले, बाकी ठिकाणी कुणाला माहीतच नव्हते. पुढच्या दोन वर्षांत त्यांनी पोस्टमास्तरकी केली, जमीनमोजणी केली, बुडालेल्या दुकानाचं कर्ज अंगावर होतंच. या कामांनी ते गावोगाव फिरले. १८३४ मध्ये निवडून आले आणि मग ओळीनं चार वेळा विधिमंडळात बसले. वकिलीचा परवाना पहिल्यांदा निवडून आल्यानंतरचा, १८३६ चा. कायद्याची पुस्तकं दिली जॉन स्टुअर्टनं; ओळख त्या युद्धातलीच.

आमच्या पाहुण्यांना त्यातला आकडा भावला. त्यांना नमुना २० छापून आणायला सांगितलं. त्यात केंद्रवार मतं असतात. केंद्रांचे तीन गट केले: आपलं गाव आणि शेजार हिरवा, जिथं अशिलं किंवा माजी सैनिक आहेत ती केंद्रं पिवळी, उरलेली कोरी. हिरव्या पाच केंद्रांवर मतं दणदणीत होती. पिवळ्यांत मध्यम. कोऱ्या भागात बहुतेक ठिकाणी एक आकडी. ‘म्हणजे फसवलं कुणी नाही,’ ते म्हणाले, ‘मी तिथं गेलोच नव्हतो.’ हे आम्ही सांगितलं असतं तर पटलं नसतं.

पैशांची भेट वहिनींबरोबर, आधी एकट्या. कम्युटेशनचे, म्हणजे पेन्शनच्या काही भागाच्या बदल्यात एकरकमी मिळालेले, पैसे खर्च झाल्याचं त्यांना माहीत होतं. पतसंस्थेतलं सोनेतारण कर्ज माहीत नव्हतं. विधानसभेची चाळीस लाखांची मर्यादा अनेक जण अंदाजपत्रक समजून बसतात, ती फक्त कमाल आहे. सगळी देणी एका पानावर आली: कुणाचे, किती, व्याज, शेवटची तारीख. त्याखाली वहिनींनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं की पेन्शनच्या खात्याला आणि मुलीच्या ठेवीला निवडणुकीसाठी हात लागणार नाही. सही दोघांची.

वकिली पुन्हा बसवताना त्यांच्या हाताशी एक रस्ता होताच. अपंगत्व पेन्शन अडकलेले माजी सैनिक त्यांच्याकडे येतात आणि अशी प्रकरणं ऐकणाऱ्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं खंडपीठ मुंबईत आहे. मात्र ‘माजी सैनिकांचा हक्काचा वकील’ असा फलक त्यांनी आधीच छापायला टाकला होता. तो थांबवला. बार कौन्सिलच्या नियम ३६ नुसार वकिलाला जाहिरात करता येत नाही. गरजूंसाठी काम करायचं तर तालुका विधी सेवा समितीच्या पॅनलसाठी अर्ज करता येतो, तो केला. प्रचारातल्या पत्रकावर पलटणीतल्या जवानांसोबतचा फोटो होता, तोही पुढं वापरायचा नाही. संरक्षण दलांतल्या जवानांचे फोटो प्रचारात नकोत, हे आयोगानं २०१३ मध्ये आणि पुन्हा मार्च २०१९ मध्ये पक्षांना कळवलेलं आहे.

पुन्हा उभं राहायचं की नाही, हा निर्णय सहा महिने घ्यायचाच नाही, असं ठरवून दिलं. पहिल्या काही आठवड्यांत माणूस एक तर सूड म्हणून उभा राहतो किंवा लाजेपोटी सोडतो. आता पाचवा महिना आहे. आठवड्यातले चार दिवस ते कोर्टात असतात, शनिवारी पिवळ्या रंगातल्या एका गावात जातात. परवा वहिनींनी विचारलं, विधानसभेऐवजी जिल्हा परिषदेचा गट किती मतांचा असतो हो? त्यांनी नमुना २० पुन्हा काढला आणि हिरवी केंद्रं मोजायला बसले. बंदूक अजून ठाण्यातच आहे.