बदाम सात, पण आज किलवरचा

तुमच्या सात वर्षांच्या मुलाला ऑटिझम आहे. तो बोलतो छान, पण लुडोत निळीच सोंगटी हवी, पहिला डाव त्याचाच हवा आणि व्हॅन दुसऱ्या रस्त्याने गेली की शाळा येईपर्यंत रडतो. विचारांत लवचीकता यायला कोणते खेळ घ्यावेत, असं तुम्ही विचारलंय. माझी लेक आता पंधरा वर्षांची आहे, तिच्यासोबत जे केलं तेच सांगते.

महागडं काही आणू नका, घरातला पत्त्यांचा कॅट काढा. आधी लाल-काळे असे दोन गठ्ठे करायला सांगा. मग तेच पत्ते पिसून बदाम, चौकट, इस्पिक, किलवर असे चार. पुढे चित्रांचे वेगळे, आकड्यांचे वेगळे. पत्ता तोच, पण त्याची जागा बदलली. मानसशास्त्रातली एक प्रसिद्ध चाचणी १९४८पासून हेच तपासते. फरक इतकाच, की त्यात नियम बदलल्याचं सांगत नाहीत. आपण मात्र सांगायचं, दर वेळी, पत्ते वाटायच्या आधी.

समजावून सांगण्यात मी दोन वर्षं घालवली. नंतर कळलं, की साधारण तीन वर्षांच्या कुठल्याही मुलाला चित्रं रंगाप्रमाणे लावायला देऊन मग ‘आता आकाराप्रमाणे’ म्हटलं, तर नवा नियम ते तोंडाने बरोबर सांगतं, पण हात बहुतेकदा जुन्याच गठ्ठ्याकडे जातो. माझ्या लेकीचं आठव्या वर्षीही तसंच व्हायचं. नियम कळलेला असायचा, हात वळत नव्हता. हात वळतो तो सरावाने. आणि नातेवाईक ‘हट्टी झालाय’ म्हणाले तर ऐकून घेऊ नका. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनरने १९४३ साली ऑटिझम असलेल्या ज्या ११ मुलांचं वर्णन केलं, त्यांच्यातही सगळं जसंच्या तसं राहावं ही ओढ होतीच.

गठ्ठे जमले की बदाम सात. पंधरा दिवस नेहमीसारखाच खेळा, काहीही बदलू नका. मग एक दिवस सुरुवात किलवरच्या सत्त्याने. आमच्याकडे ‘बदाम सात म्हणजे बदामच’ म्हणून पत्ते भिरकावले गेले होते. मी चुकले होते, बदल माझ्या मनाने केला होता. दुसऱ्या दिवशी तिलाच विचारलं, ‘आज कोणता सत्ता?’ तिने इस्पिक म्हटलं आणि डाव पूर्ण झाला. म्हणून पहिले सगळे बदल मुलाच्या हातात द्या. नंतर एक त्याचा, एक तुमचा. एका डावात एकच बदल. हरणं सोसणं हा वेगळा धडा आहे, तो त्याच दिवशी घेऊ नका.

‘शिवाजी म्हणतो’ही चांगला, पण त्यात मुख्यतः स्वतःला थांबवायची सवय होते. उनो थोडं पुढे, कारण तिथे रंग आणि आकडा दोन्हींवर एकदम लक्ष ठेवावं लागतं.

शाळेतून दमून आल्यावर खेळू नका. कानांवर हात गेले, एकच वाक्य पुन्हा पुन्हा येऊ लागलं, की डाव तिथेच ठेवा. आणि निळी सोंगटी त्याची त्यालाच असू द्या! तिने कुणाचं काही बिघडत नाही, आणि आधाराला एक गोष्ट कायम असली की बाकीचं बदललेलं सोसतं.

खेळात जमलं म्हणजे रस्त्यावर आपोआप जमेल असं नाही. मधला पूल आपल्याला बांधावा लागतो, आणि तो शब्दांचा असतो. आमच्या घरी बेत बदलला की ‘आज किलवर सात’ म्हणतात. आजी गावाहून आली नाही, किलवर सात. पोहे संपले, उपमा केला, किलवर सात. व्हॅनच्या काकांना सांगून ठेवा, रस्ता बदलणार असेल तर सकाळी फोन करा म्हणून. दोन्ही रस्ते कागदावर काढा, शाळा दोन्हींच्या टोकाला एकच दाखवा, आणि तो कागद दप्तराच्या पुढच्या कप्प्यात ठेवा. सुट्टीच्या दिवशी स्कूटरवरून दुसऱ्या रस्त्याने एक फेरी मारा, कुठून वळायचं ते त्याला सांगू द्या.